घड आधी उन्हात धरायचा

उज्वला खालकर ऐन हंगामात शेड सोडून कुठे गेली, असं सायखेड्यात गेल्या बावीस वर्षांत कुणी पाहिलेलं नव्हतं. फेब्रुवारी म्हणजे द्राक्षांचा महिना. या महिन्यात भाच्याचं लग्न निघालं तरी ती अक्षता टाकायची, नवरीच्या हातात पाकीट ठेवायची आणि पंगत बसायच्या आत परत शेडमध्ये हजर व्हायची. लोकांना वाटायचं, बाईला कामाचा फार सोस. सोस वगैरे काही नव्हता. तिला दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांवर विश्वास नव्हता, एवढंच.

आणि त्या डोळ्यांची ख्याती खरंच मोठी होती. शेडमध्ये दहा बायका निवडीला बसत. बागेतून आलेला घड उचलायचा, कात्रीनं खराब मणी काढायचे, रंग बघायचा, आकार बघायचा आणि मग परदेशी जाणाऱ्या डब्यात ठेवायचा, नाहीतर बाजूच्या क्रेटमध्ये. सगळा माल शेवटी उज्वलाच्या टेबलावरून जायचा. कंपनीचा तपासणीवाला आला की पेट्या उघडण्याआधी विचारायचा, "ताई होत्या का टेबलावर?" होत्या म्हटलं की दोनच पेट्या उघडून चहाला बसायचा. पेटीवर मात्र बागेचा नंबर, शेडचा नंबर आणि सोमनाथचं नाव. सोमनाथ म्हणजे तिचा नवरा. उज्वलाचं नाव आयुष्यात एकदा छापून आलं होतं, स्वतःच्या लग्नपत्रिकेत. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं ती सांगायची. कुणी न विचारता सांगायची, म्हणजे काय ते समजून घ्या.

तर अशा बाईनं त्या गुरुवारी दुपारी दोन वाजता कात्री खुंटीला अडकवली, घरी जाऊन जांभळी साडी नेसली आणि शेडच्या दारात येऊन उभी राहिली. "मी नाशिकला चालले," ती म्हणाली. "निकीचं काम बघायला."

दहा माना एकदम वर झाल्या. सगळ्यांत म्हाताऱ्या चतुराबाई म्हणाल्या, "जा बाय, जा. लय दिस झाले ऐकतोय, निकीनं आसं घर उजळलं न् तसं घर उजळलं. येकदा बघून तरी ये."

निकिता ही तिची एकुलती एक मुलगी. नाशिकला राहून घरांची आतली सजावट शिकली, तीन वर्षं एका मोठ्या डिझायनर बाईंच्या हाताखाली राबली आणि त्यातही दिव्यांच्या कामात मुरली. नव्या घरात कुठे कोणता दिवा हवा, किती हवा, तो दिसावा की लपावा, हे ठरवायचं तिचं काम. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उज्वला म्हणाली होती, "दिवं निवडाया बी शिकावं लागतं?" सोमनाथनं तर पंचाईत नको म्हणून गावात सांगून टाकलं होतं, पोरगी इंजिनीअर आहे. पण दिवाळीत निकितानं ती नोकरी सोडली, स्वतःच्या नावाचा बोर्ड लावला आणि इंदिरानगरमधलं पहिलं घर तिला मिळालं. त्या दिवसापासून उज्वलाच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. आमच्या निकीचं घर, असंच ती म्हणायची. घर होतं गायधनींचं.

निघण्याआधी तिनं फोन केला. पलीकडून निकिता म्हणाली, "ये ना. पण मम्मी, तिथे काही बोलू नकोस हं. थोडी ताणाताणी चाललीय."

"मी कशाला बोलू?" उज्वला म्हणाली, आणि तिला ते लागलं. लागलं तरी तिनं द्राक्षांची पेटी बांधली. घरच्या पेटीत ती नेहमी दोन प्रकारचे घड घालायची. काही हिरवे, परदेशी जातात तसे, आणि काही वेलीवर जास्त पिकून पिवळसर झालेले. ते परदेशी कुणी घेत नाही, पण खायला तेच साखरेसारखे. सोमनाथला पुठ्ठ्याचे खोके आणायला नाशिकला जायचंच होतं. त्याच्या पिकअपमध्ये ती मांडीवर पेटी घेऊन बसली. चांदोरीचा पूल ओलांडेपर्यंत तिनं साडीच्या निऱ्या चार वेळा नीट केल्या.

गायधनींचा फ्लॅट पाचव्या मजल्यावर होता. दार निकितानंच उघडलं. आत शिरल्या शिरल्या उज्वला थबकली. छताच्या कडेनं खाच ठेवली होती आणि त्या खाचेतून उजेड भिंतीवर उतरत होता, पण दिवा म्हणून कुठे दिसत नव्हता. मधल्या भागात तळहाताएवढे गोल दिवे छतात बसवलेले. जेवणाच्या टेबलावर वेताच्या उपड्या टोपलीसारखा एक दिवा लोंबत होता. साध्या ट्यूबलाइटचं नावसुद्धा नव्हतं.

"आता कुणी दिवे दाखवत नाही मम्मी," निकिता हळूच म्हणाली. "नुसता उजेड दाखवतात."

उज्वला मान वर करून बघत राहिली. तिच्या पोरीनं कागदावर रेघा ओढल्या होत्या आणि त्या रेघांचं हे असं झालं होतं. तिनं पेटी खाली ठेवली, बटणांच्या पाटीवरून हात फिरवला आणि ऊर भरून आला. शेडमधल्या दहाही जणींना इथे आणून ओळीनं उभं करावं, असं तिला वाटलं.

गायधनींच्या घरच्या दोघी समोर होत्या. सासूबाई कुसुमकाकू, साठीच्या पुढच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यांचे यजमान रामकुंडावर उपाध्ये होते आणि त्या वेळी कामावरच गेले होते. सूनबाई स्वरदा बँकेत अधिकारी, आजच्यापुरती लवकर आलेली. तिचा नवरा गौरांग ऑफिसात. सामान येऊन आठ दिवस झाले होते आणि रविवारी संध्याकाळी वास्तुशांतीनिमित्त साठ माणसं जेवायला यायची होती.

पाणी झालं, ख्यालीखुशाली झाली. मग स्वरदा निकिताकडे वळली. ती चांगली मुलगी होती, आवाज चढवत नव्हती. न चढवलेला आवाज जास्त बोचतो.

"निकिता, मी स्पष्टच सांगते. फोटोत घर अप्रतिम दिसतं. पण संध्याकाळी पडदे ओढले की इथे बसवत नाही. सगळ्यांचे चेहरे आजाऱ्यासारखे दिसतात. काल पाहुण्या आल्या होत्या, त्यांनी मला विचारलं, बरं नाही का तुला?"

"आणि हे बघ," कुसुमकाकू करंडा घेऊन आल्या. "सकाळी लालभडक असतं कुंकू. संध्याकाळी दिवे लावले की कॉफीची पूड. मी परवा दुकानदाराशी भांडून आले गं, भेसळीचं दिलं म्हणून."

"पिवळ्या उजेडाची फॅशन आहे, मान्य," स्वरदा म्हणाली. "पण आम्हाला नाही मानवत ती. सगळे काढून पांढरे लावू. उद्या सकाळी अकराला गौरांगच्या ओळखीचे एक डिझायनर येतायत बघायला. पुढचं तेच करतील. तुला वाईट वाटेल, पण रविवार तोंडावर आलाय."

निकितानं समजावून पाहिलं. संध्याकाळी घरात असाच उबदार उजेड लागतो, पांढरा लावला तर दवाखाना वाटेल, सगळीकडे आता हेच करतात आणि ते उगाच करत नाहीत. ती बरोबर बोलत होती, पण कुंकू काळं का दिसतं याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं, आणि ते नाही हे तिलाही कळत होतं. बोलता बोलता तिच्या डाव्या अंगठ्याचं नख दुसऱ्या हाताच्या बोटांत गेलं. शाळेत गणित चुकलं की ती असंच करायची. पहिलं काम. उद्या अकराला दुसरा माणूस येऊन तिचे दिवे उतरवणार, आणि मग नाशिकमध्ये निकिता खालकरला कोण विचारणार होतं?

उज्वलाच्या जिभेवर दहा गोष्टी आल्या. तिनं त्या गिळल्या. बोलू नकोस म्हणून पोरीनं बजावलं होतं.

कोंडी फोडायला म्हणून कुसुमकाकूंनी पेटी उघडली, द्राक्षं धुतली आणि वाडग्यात भरून मधल्या टेबलावर आणून ठेवली. "घ्या उज्वलाताई, तुमचीच तुम्हाला." संध्याकाळच्या उजेडाचीच तक्रार असल्यामुळे पडदे ओढून दिवे लावलेलेच होते. उज्वलानं हात पुढे केला आणि तसाच थांबवला.

ही आपली द्राक्षं नव्हेत, असंच तिला क्षणभर वाटलं. तिनं स्वतः दुपारी निवडलेले घड. काही हिरवे, काही पिवळसर. आणि वाडग्यात सगळे एकसारखे मळकट पिवळे, चार दिवस पडून राहिलेल्या मालासारखे. हिरवा कुठला आणि पिकलेला कुठला, तिला, उज्वला खालकरला, ओळखू येईना. डोळे गेले की काय आपले?

वाडगा तसाच उचलून ती बाल्कनीत गेली. पाच वाजत होते, ऊन अजून चांगलं होतं. उन्हात धरल्या धरल्या हिरवा घड हिरवा झाला आणि पिवळा पिवळा. डोळे जागेवर होते. आणि मग तिला सोमनाथचे पिवळे बल्ब आठवले.

निकिता तेव्हा आठ वर्षांची होती. शेडमधल्या पांढऱ्या ट्यूबवर संध्याकाळी किडे जमायचे, टपाटपा मालात पडायचे. पिवळ्या बल्बवर किडे येत नाहीत, असं सोमनाथनं कुठूनतरी ऐकलं आणि भर दुपारी सगळ्या ट्यूब काढून पिवळ्या काचेचे बल्ब लावले. दुपारच्या उन्हात ते बल्ब कसे काय दिसणार? सगळे म्हणाले, झकास. किडे खरोखरच यायचे बंद झाले. त्या संध्याकाळी दहाही जणींनी आनंदानं निवड केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीवाल्यानं पेटी उघडली तर एकेका डब्यात अर्धे मणी हिरवे आणि अर्धे पिवळे. अख्खा माल परत. पेट्या फोडून पुन्हा निवडताना उज्वला रडली होती. सोमनाथ पुढे आठ दिवस बल्बला, दुकानदाराला आणि किड्यांना शिव्या घालत होता. स्वतःला सोडून सगळ्यांना.

तेव्हापासून तिनं शेडला नियम लावून दिला. नवा दिवा आला की एक हिरवा आणि एक पिकलेला घड घ्यायचा. आधी उन्हात धरायचा, नीट बघायचा, मग दिव्याखाली धरायचा. दोन्हीकडे फरक तसाच दिसला तर दिवा खरा. नाही दिसला तर दिवा परत, मग तो कितीही भारी असो.

ती वाडगा घेऊन आत आली. बोलू का नको, हा प्रश्न तिला परत पडला, पण फार वेळ नाही.

"निकी, जरा हितं ये. ताई, काकू, तुमी बी या."

निकितानं डोळ्यांनी 'मम्मी, नको' म्हटलं. उज्वलानं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. सगळ्यांना बाल्कनीत नेऊन तिनं दोन घड शेजारी शेजारी धरले. "ह्यो कसा दिसतो? न् ह्यो?"

"हा हिरवा, हा पिवळसर," स्वरदा म्हणाली. तिला काही कळत नव्हतं, पण ती सभ्य होती.

"आता चला." दिवाणखान्याच्या मधोमध, छतातल्या गोल दिव्याखाली तिनं तेच दोन घड धरले. "आता सांगा, हिरवा कंचा?"

कुणालाच सांगता येईना. कुसुमकाकू चष्मा पुसून परत बघू लागल्या.

"म्हणजे मी म्हणते तेच," स्वरदा म्हणाली. "पिवळ्या उजेडाचा दोष."

"थांबा की." उज्वला जेवणाच्या टेबलाकडे गेली आणि वेताच्या टोपलीखाली हात धरला. तिथलाही उजेड पिवळाच होता, अगदी तसाच. पण हिरवा घड हिरवा होता. त्या उबदार उजेडात तो जरा मवाळ झाला होता इतकंच, पण पिकलेल्यापासून लांबून वेगळा ओळखू येत होता. तिच्या हातांचा रंगसुद्धा माणसाच्या हातासारखा दिसत होता. "पिवळा हाय म्हनून खोटा नाय, ताई. ह्यो बी पिवळाच हाय की. पर ह्यो खरं दाखवतो. त्यो वरचा नाय दाखवत."

कुसुमकाकूंनी धावत करंडा आणला. टोपलीखाली कुंकू लाल. चार पावलं पलीकडे, गोल दिव्याखाली, कॉफीची पूड. त्या लहान मुलीसारख्या तीनदा इकडून तिकडे गेल्या. "अगं बाई! आणि मी त्या दुकानदाराला काय काय बोलले!"

निकिता एव्हाना खुर्चीवर चढली होती. तिनं छतातला एक गोल दिवा ओढून बाहेर काढला, उलटा करून पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. आतल्या खोलीत मल्हारी नावाचा वायरमन बटणं बसवत होता, त्याला तिनं बोलावलं.

"मल्हारीदादा, हे मी सांगितलेल्या कंपनीचे नाहीत."

"नाहीतच मॅडम," मल्हारी म्हणाला. "ते संपले व्हते. दुकानातून बदली दिले. खाचेतली पट्टी बी त्याच कंपनीची. आकडा तोच हाय ना, तीन हजार? मी तुमाला खोक्याचा फोटो टाकला, तुमी म्हनला चालंल. मंगच लावले."

निकितानं मोबाइल काढला. फोटो होता. त्याखाली तिनं स्वतः पाठवलेलं 'ओके' होतं. आता तिला सगळं कळलं आणि तिनं ते दोन वाक्यांत सांगितलं. तीन हजार हा आकडा उजेड किती पिवळा ते सांगतो. त्या उजेडात रंग किती खरे दिसतात, त्याचा आकडा वेगळा असतो, आणि तो या खोक्यावर छापलेलाच नव्हता.

खोलीत सगळे मल्हारीकडे बघत होते. दोष द्यायला माणूस समोर आयता उभा होता, आणि एक दुकानदार पाठीमागे. उज्वलाला बल्बला शिव्या घालणारा सोमनाथ आठवला.

"चूक माझी आहे," निकिता म्हणाली. "त्यांनी विचारलं होतं, मीच हो म्हटलं. आणि लावल्यावर मी बघून गेले ते सकाळी अकरा वाजता, पडदे उघडे असताना. संध्याकाळी एकदा यायला हवं होतं. स्वरदाताई, सगळे दिवे आणि पट्टी मी बदलून देते, माझ्याकडून. शनिवारी संध्याकाळपर्यंत."

छतातल्या त्या सुंदर दिव्यांनी उज्वलाचा ऊर भरून आला होता खरा, पण आताच्या मानानं ते काहीच नव्हतं. पोरगी खुर्चीवर उभी होती, हातात खोटा दिवा होता, आणि तिनं दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवलं नव्हतं. खालकरांच्या घराण्यात हे प्रथमच घडत होतं. ही माझी आहे, उज्वलाच्या मनात आलं. बापाचं नाक घेतलं असेल, पण ही माझीच आहे.

स्वरदानं करंडा उचलून एकदा टोपलीखाली आणि एकदा गोल दिव्याखाली धरला. मग म्हणाली, "शनिवार नको. एवढा एक दिवाणखाना उद्या सकाळी अकराच्या आत करून दाखव. तोपर्यंत मी त्या माणसाला थांबवते. पटलं तर बाकीचं तूच कर."

"कराल ना गं?" कुसुमकाकूंनी विचारलं, आणि विचारलं ते उज्वलाकडे बघून.

"करतो की," उज्वला म्हणाली. जणू दिवे तीच बनवत होती.

दिव्यांचं दुकान आठपर्यंत उघडं असायचं. निकिता, उज्वला आणि मल्हारी, खोके भरून परत आलेल्या सोमनाथच्या पिकअपमध्ये दाटीवाटीनं बसले. काय चाललंय ते सोमनाथला कुणी नीट सांगितलं नाही, त्यानं विचारलंही नाही, गाडी हाणली. दुकान काचेचं, भिंतभर दिवे लटकवलेले, प्रत्येकाखाली चिठ्ठी. कुणी सोन्याच्या पिंजऱ्यासारखा, कुणी कागदी कंदिलासारखा, कुणी नुसतीच काळी नळी. उज्वला हातात द्राक्षांचे दोन घड घेऊन आत शिरली तेव्हा काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ताई, डिलिव्हरी मागच्या दारानं."

"डिलिव्हरी नाही," निकिता म्हणाली. "या माझ्यासोबत आहेत. दिवे तपासणार आहेत."

तिनं ते ज्या आवाजात सांगितलं, तो आवाज उज्वलानं मनात जपून ठेवला. दुपारी हीच पोरगी बोलू नकोस म्हणाली होती.

दुकानाबाहेरच्या फुटपाथवर अजून दिवसाचा उजेड शिल्लक होता. तिथे उभं राहून उज्वलानं घड डोळ्यांत भरून घेतले आणि आत आली. मालक एकेक दिवा लावून दाखवू लागला. "हा बघा, सध्या सगळे आर्किटेक्ट हाच नेतात." तिनं घड धरला. "नाय." दुसरा. "नाय." तिसऱ्याला ती जरा थांबली, मल्हारीला दारातून येणाऱ्या उजेडाच्या आड उभं केलं, परत धरला. "जवळ आलाय, पर नाय." मालक निकिताकडे बघून हसला. निकितानं तिसऱ्याच्या खोक्यावरचा बारीक आकडा वाचला आणि ती हसली नाही. चौथा दिवा लागला. हिरवा घड हिरवा, पिकलेला पिकलेला, देठ तपकिरी, आणि उज्वलाच्या हातातल्या बांगड्या चक्क लाल.

"ह्यो," उज्वला म्हणाली.

निकितानं खोकं उलटं करून वाचलं. रंगांच्या खरेपणाचा आकडा सत्त्याण्णव. पहिल्या दोघांवर तो छापलेलाच नव्हता, तिसऱ्यावर ऐंशी होता. तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मालकाचं हसू विरलं आणि त्यानं काउंटरवरच्या मुलीला चहा सांगितला. चहा पिता पिता त्यानं विचारलं, "ताई, घड ठेवून जाता का एक?" उज्वलानं पिकलेला दिला. हिरवा तिनं निकिताकडे दिला, दिवे बसवल्यावर धरून बघायला; पिकलेले गायधनींकडे होतेच.

रात्री ती सायखेड्याला परतली, कारण सकाळी टेबल सोडून चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिची नजर मालापेक्षा मोबाइलवर जास्त होती. तिच्या टेबलावरून उन्हानं करपलेला एक मणी सुटला आणि तो चतुराबाईंनी पकडला, ही गोष्ट त्या पुढे वर्षभर सांगणार होत्या. साडेदहाला फोन वाजला. निकिताचा असेल म्हणून तिनं घाईनं उचलला, तर कुसुमकाकू.

"उज्वलाताई, हॉल झाला हो! पडदे ओढून बसलोय आम्ही सकाळच्या पारी, वेड्यासारखे. कुंकू लाल आहे. आमचे हे म्हणाले, कुसुम, तू बरी दिसतेस आज. चाळीस वर्षांत पहिल्यांदा." मागून स्वरदाचा आवाज आला, "त्यांना सांगा आई, मी त्या डिझायनरना नको कळवलंय." मग काकू परत म्हणाल्या, "ऐकलंत ना? बाकीच्या खोल्या पण तुमची लेकच करणार."

उज्वलानं फोन ठेवला. शेडमध्ये कात्र्या थांबल्या होत्या.

"काय झालं?" चतुराबाईंनी विचारलं.

"काय व्हायचं?" ती म्हणाली. "पोरगी माझी हाय." आणि तिनं पुढचा घड उचलला, पण बराच वेळ तो नुसता हातात धरून ठेवला.

रविवारी साठ माणसं जेवून गेली. त्यातल्या तिघांनी निकिताचा नंबर घेतला. हे उज्वलाला सोमवारी कळलं, निकिता सायखेड्याला आली तेव्हा. ती दुपारी आली आणि घरी न जाता सरळ शेडमध्ये शिरली. हातात एक पाकीट होतं.

"हे काम संपल्याचं पत्र आहे," ती म्हणाली. "प्रत्येक घर पूर्ण झालं की मालकांना देते. कुणी काय केलं, कोणते दिवे लावले, सगळं त्यात असतं. स्वरदाताईंना सकाळी दिलं. ही तुझी प्रत."

"मला कशाला?"

"वाच तर."

उज्वलानं हात पदराला पुसले आणि कागद उलगडला. छापील होता. वर निकिताचं नाव आणि तिच्या कामाचा शिक्का. खाली ओळी होत्या. दिव्यांची रचना, निकिता सोमनाथ खालकर. वायरिंग, मल्हारी गांगुर्डे. आणि तिसरी ओळ, त्याच अक्षरांत, तेवढ्याच ठळक. दिव्यांची निवड आणि तपासणी, उज्वला सोमनाथ खालकर.

तिनं ती ओळ वाचली. परत वाचली. निकिता काहीतरी सांगत होती, पुढच्या तिन्ही घरांच्या पत्रांवरही हे नाव असेल, हंगाम नसताना घडाऐवजी काय वापरायचं ते ठरवावं लागेल, असलं काहीतरी. दहा बायका माना उंच करून बघत होत्या. सोमनाथ खोके रचता रचता थांबला होता.

उज्वला उठली. कागद दोन्ही हातांत धरून ती शेडच्या दाराबाहेर गेली, भर उन्हात उभी राहिली आणि तो परत एकदा वाचला.

मग आत आली आणि टेबलावर बसली. "बराबर हाय," ती म्हणाली. "दोन्हीकडं त्येच दिसतंय."